पिकल्या केसांचा मान

वाचकहो, केसांना कलप लावणे सोडून द्यावे काय, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु आपण वार्धक्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्यातून दिसून येते. मुळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी थकल्या की केस पांढरा उगवतो. यात लाजण्यासारखे काय आहे? आपली मराठी तर फळाप्रमाणे केसही 'पिकले' असेच म्हणते. इब्री भाषेत पांढरे केस आणि वार्धक्य या दोहोंना एकच शब्द आहे. लेवीय 19:32 मध्ये तोच शब्द योजून पिकल्या केसांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा दिली आहे.

कलप लावणे पाप आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. नोकरीसाठी तो लावणाऱ्यांना दोष देऊ नये. त्यांच्याविरुद्ध मत्तय 5:36 चा दाखला देणेही योग्य नव्हे. तेथे विषय शपथेचा आहे. तरीही विचार करा : पिकले केस सर्वांनीच झाकले, तर तरुणांनी उठावे कोणापुढे? शिवाय नीतिसूत्रे 16:31 या केसांना मुकुटाची उपमा देताना धर्ममार्गाची अटही घालते. म्हणजे मानाबरोबर जबाबदारीही येते. कलप लावून आपण मान नाकारतो, आणि नकळत जबाबदारीही टाळतो.

केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे कलप सोडल्यावर कित्येक महिने डोके दुरंगी दिसते. चर्चमध्ये लोक विचारपूस करतात. ते दिवस धीराने काढा. देवापासून आपले वय कधीच लपलेले नव्हते. आता ते मंडळीलाही दिसू द्या.