त्र्याऐंशीचा प्रश्न

प्राथमिक शाळेत काय शिकवावे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे प्राथमिक शाळा सोडून निदान तीस वर्षे झालेल्या माणसालाच असतो. म्हणजे मलाही आहे. मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे, तेव्हा आकड्यांबद्दल तर माझे मत ऐकलेच पाहिजे.

२०१९ साली ‘बालभारती’चे दुसरीचे गणिताचे पुस्तक बदलले आणि अख्ख्या महाराष्ट्राला अचानक आपले बालपण आठवले. पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणि ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे छापले होते. जुने शब्द पुसले नव्हते, शेजारीच होते. पण भांडायला बसलेला माणूस पुस्तक उघडून पाहत नाही. विधानसभेत तर अजित पवारांनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’चीही फोड करून दाखवली.

गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते. आपण लिहितो आधी सहा, मग तीन. म्हणतो मात्र आधी तीन, मग साठ. त्यात जोडाक्षरे. सहा-सात वर्षांचे पोर तिथे अडखळते आणि गणितालाच भिते. इंग्रजीत, कानडीत, तेलुगूत दशक आधी म्हणतात, त्यांचे काही अडत नाही.

आता मला सांगा, ह्यात चूक काय? एका बिचाऱ्या तीनाचे आपण काय हाल केले आहेत बघा! तेवीसमध्ये तो ‘ते’, त्रेपन्नमध्ये ‘त्रे’, त्र्याऐंशीत ‘त्र्या’. एकोणवाल्यांचे वेगळेच. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत शिस्तीत चालतात आणि शंभराच्या दारात आल्यावर एकदम ‘नव्व्याण्णव’! आमच्या काउंटरवर पैसे काढायच्या स्लिपवर ‘अक्षरी रुपये’ लिहिताना भली भली माणसे पेन हवेत धरून उभी असतात. “साहेब, एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइनच ना?” असे हळूच विचारतात. हेच गृहस्थ तेव्हा ‘संस्कृती बुडाली’ म्हणत होते. यांची मुले इंग्रजी शाळेत. अहो, सेव्हंटी नाइन म्हणजे तरी काय? सत्तर नऊच की! इंग्रजीत म्हटले की प्रगती आणि मराठीत म्हटले की अधोगती, हा कुठला हिशेब?

बरे, संस्कृतीचेच म्हणाल तर माझे आजोबा पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते तोवर त्याला अर्थ होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले आणि औटकीचे काम हलके झाले. पुढे ती विस्मरणात गेली. तिच्यासाठी मी कुणाला गळा काढताना पाहिले नाही. आपण जे घोकले तेवढीच संस्कृती, त्याआधीचे ते जुनाट! पेन्शन घ्यायला येणाऱ्या खेड्यातल्या म्हाताऱ्या अजूनही ‘तीन विसा नि पाच’ म्हणतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईची ही पासष्टाची फोड पुस्तकाच्या किती आधीची!

माझी खरी अडचण इथून पुढे आहे. ‘आम्ही मार खाऊन शिकलो, तुम्हीही खा’ याला मी शिक्षण म्हणत नाही. त्याला सासुरवास म्हणतात. पण पोराला सोपे जावे म्हणून एकेक शब्द काढून ठेवत गेलो तर त्याला आजीचे बोलणे कळणार नाही, आणि ते नुकसान कुठल्याच प्रगतिपुस्तकात दिसत नाही. शिवाय मला ‘एकोण’ फार आवडतो. एकोणऐंशी म्हणणाऱ्याचे लक्ष हातातल्या सत्तरावर नसते, एकाने हुकलेल्या ऐंशीवर असते. पगारदार माणसाचे अख्खे चरित्र त्या एका उपसर्गात आले. ते दुसरीतल्या मुलाला कळावे का? न कळले तर बरेच. पण चाळिशीत तरी कळायला तो शब्द कानावरून गेलेला हवा.

माझी मुलगी तेव्हा दुसरीत, मराठी शाळेत. त्या दिवाळीत इंग्रजी शाळेतला भाचा आला होता. आई चकल्या मोजून डब्यात भरत होती. “त्रेपन्न,” ती म्हणाली.

“म्हणजे किती, आजी?”

“त्रेपन्न रे! पन्नासच्या पुढचे.”

तो बघतच राहिला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “अरे, पन्नास तीन!”

“मग असं सांग ना,” भाचा म्हणाला. तोंड भरलेले असल्यामुळे ते नीट ऐकू आले नाही.

आईने डबा पुन्हा मोजला. बावन्नच भरल्या.