स्वभाव कीं निश्चय?

मागील महिन्यांत लोणी काळभोर येथें एका वृद्ध शिक्षिकेच्या शोकसभेस जाण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्या गांवांतील दोन पिढ्यांस बाईंनीं अक्षरओळख करून दिली होती. जे जे बोलावयास उठले त्यांचें, आणि आमचेंही, म्हणणें एकच पडलें: बाईंचा स्वभावच प्रेमळ, रागावणें म्हणून त्यांस ठाऊकच नव्हतें. सभा संपत आली असतां मागच्या रांगेंतून एक प्रौढ स्त्री उठली. ती बाईंची विद्यार्थिनी आणि पुढें कांहीं वर्षें त्यांची शेजारीणही. ती म्हणाली, "स्वभाव काय घेऊन बसलात? बाई तापट होत्या. घरात भांडं आपटलेलं आम्ही ऐकलंय. पण शाळेच्या पायरीवर चपला काढायच्या, तिथंच राग पण काढून ठेवायच्या."

सभेंत कुजबुज झाली. गेलेल्या माणसाविषयीं असें बोलूं नये, असें कोणीसें पुटपुटलेंही. आम्हांस मात्र वाटेंत तेंच वाक्य छळीत राहिलें. आम्हीं सर्वांनीं मिळून केलेल्या स्तुतीहून ही एकटीची स्तुति मोठी होती, आणि ती आम्हांस निंदा वाटली होती!

प्रश्न जुनाच आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें असा एक परोपकारी पुरुष कल्पिला आहे कीं, स्वतःच्या दुःखानें ज्याचें मन काळवंडलें असून दुसऱ्याविषयींची सहानुभूति पार आटून गेली आहे. तरीही तो केवळ कर्तव्य म्हणून मदतीस उठतो. त्याच्या कृतीस खरें नैतिक मोल तेव्हांच येतें, असें कांटचें मत. हें मत रुक्ष वाटतें खरें. कर्तव्य म्हणून पाठीवरून फिरविलेला हात कोणत्या मुलास आवडेल? मुलांस असला हात तत्काळ ओळखूं येतो. येथें आम्हांस ॲरिस्टॉटल अधिक जवळचा वाटतो. सत्कृत्यें करीत राहिल्यानेंच माणूस सद्गुणी होतो, आणि तीं करतांना त्यास आनंद वाटूं लागला म्हणजे गुण अंगीं मुरला असें समजावें, असें तो म्हणतो. पायरीवर रोज राग काढून ठेवणाऱ्या बाईंस पुढें पुढें त्याची आठवणही राहिली नसेल.

लोणी काळभोरहून पुण्यास परततांना हडपसर लागतें. आषाढी वारीस निघालेली तुकोबांची पालखी याच रस्त्यानें लोणीस मुक्कामाला जाते. याच हडपसरच्या ससाणे मळ्यांत १८९७ सालीं सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना चालविला होता. तेथून जातांना सावित्रीबाईंची ती सर्वश्रुत गोष्ट आम्हांस आठवली. १८४८ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, त्या भिडे वाड्यांतील मुलींच्या शाळेंत शिकवूं लागल्या. वाटेंत लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेंकीत. म्हणून त्या एक लुगडें जास्त बरोबर नेत व शाळेंत पोंचल्यावर नेसत. ही गोष्ट आपण लोकांच्या दुष्टपणाची म्हणून सांगतों. आम्हांस त्या दिवशीं त्या घडी घातलेल्या लुगड्याकडेच पाहावेंसें वाटलें. आज चिखल उडणार हें ठाऊक असून, मुलींपुढें मळल्या वस्त्रानें उभें राहावयाचें नाहीं, हें सकाळीं घरींच ठरलें होतें. सतरा वर्षांच्या मुलीस राग येत नसेल, हें आम्हांस खरें वाटत नाहीं. तो राग गेला कोठें, असें कोणी विचारील तर त्यानें १८५५ सालीं 'ज्ञानोदयां'त आलेला मांग-महारांच्या दुःखांविषयींचा निबंध पाहावा. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेंतील चौदा वर्षांची मुलगी होती.

मग 'स्वभाव' हा शब्द आम्हांस इतका प्रिय कां? स्वभाव जन्मानें मिळतो, आणि ज्यास तो मिळाला नाहीं त्याच्यापाशीं कोणी मागावयास येत नाहीं. बाई स्वभावानेंच प्रेमळ होत्या असें ठरलें कीं आमची सुटका झाली. देवी म्हटलें तर सुटका अधिकच सोपी. ३ जानेवारी हा सावित्रीबाईंचा जन्मदिवस महाराष्ट्रांत बालिका दिन म्हणून पाळतात. २०१४ सालीं पुणें विद्यापीठास त्यांचें नांव देण्यांत आलें. २०२३ च्या डिसेंबरांत जीर्ण भिडे वाडा पाडला, तोही त्यांच्या स्मारकासाठींच. यांत गैर कांहीं नाहीं. पण ससाणे मळ्याजवळून जातांना हें सारें फार दूरचें वाटतें.

तेव्हां त्यांचें वय सहासष्ट होतें. जोतीरावांस जाऊन सहा वर्षें लोटलीं होतीं. मुलगाच डॉक्टर, तेव्हां त्या रोगाचा स्पर्श म्हणजे काय हें त्यांस कोणी सांगावयास नको होतें. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलगा वांचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनेंच गेल्या. यास स्वभाव म्हणावयाचें झालें, तर प्राण वांचविण्यासाठीं मागें सरणें यास काय म्हणावें? प्राणिमात्राचा स्वभाव तोच ना?

लोणीच्या सभेंत शेवटीं बाईंची तसबीर शाळेच्या कोणत्या भिंतीवर लावावी याविषयीं बराच वेळ चर्चा झाली. ती स्त्री त्यापूर्वींच उठून गेली होती. घरीं नातवंडांचे पाढे घ्यावयाचे होते, आणि त्यांतला धाकटा, तिनेंच जातां जातां सांगितलें, फार संताप आणतो.