पाहुणा म्हणावे कोणास?

फाल्गुन सरत आला की माळरानावरील पक्षी दाखविणाऱ्या सहलींचा हंगाम शेवटाला येतो. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी व शिर्सुफळ येथे वनखात्याने २०२३ साली गवताळ रानाची सफारी सुरू केली आणि गावचे तरुण तेथे वाटाडे झाले. आपल्या भागातही निपाणीची तंबाखूची शेते मागे टाकून चिकोडी, रायबाग, अथणीच्या दिशेने निघाले की पाऊस कोसाकोसाने कमी होत जातो आणि त्याच जातीचे उघडे, पिवळे माळ दिसू लागतात. अशा माळावर वाटाड्या पक्षी दाखवितो, नाव सांगतो आणि त्यापाठोपाठ एक शब्द जोडतो. चंडोल ‘इथला’, पखुर्डी ‘इथली’, धाविक ‘इथला’; भोवत्या मात्र ‘पाहुणा’, भोरडी ‘पाहुणी’. पक्ष्यांच्या याद्यांतही हीच विभागणी असते. मला विचार करावयाचा आहे तो या शेवटच्या शब्दाचा.

भोरडीचेच पाहा. आषाढ-श्रावणात तिचे थवे येऊ लागतात आणि जातात ते चैत्राच्या सुमारास. म्हणजे वर्षातील जवळजवळ नऊ महिने ती आपल्याकडे असते. ज्वारी हुरड्यात आली की ती शेतावर उतरते, पळस-पांगारा फुलला की त्यातला मध पिते. मध्य आशियातील कोरड्या मैदानांत ती जाते ती टोळ-नाकतोड्यांचा सुकाळ साधून पिले वाढविण्यापुरती. तीन महिने तिकडे, नऊ महिने इकडे. तरी घर तिकडचे आणि पाहुणचार इकडचा! (गोफणीचे दगड खाऊन नऊ महिने राहणारा पाहुणा विरळाच म्हणावयाचा.) भोवत्याचा हिशेब थोडा निराळा. तो साधारण ऑक्टोबरात येतो, मार्च-एप्रिलात निघतो. दिवसभर गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे, उंदीर, सरडे टिपतो आणि रात्री झाडावर न बसता त्याच गवतात, जमिनीवर, आपल्या जातभाईंसह मुक्काम करतो.

आपल्या परंपरेत अतिथी हा शब्द सैलपणे वापरलेला नाही. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्याची फोड सांगतात. स्मृतिकारांनी तर एक रात्र राहणारा तो अतिथी, अशी मर्यादाच घालून दिली. या कसोटीस आपले पक्षी उतरत नाहीत. त्यांची तिथी ठरलेली आहे आणि मुक्काम पिढ्यान्‌पिढ्यांचा. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगर येथे भरली तेव्हा तिच्या घोषवाक्यात या जिवांचे ‘घरी’ स्वागत करू असे म्हटले होते. पाहुणा या शब्दापेक्षा तो घर हा शब्द मला अधिक खरा वाटतो.

यावर आक्षेप असा येईल की पक्षी स्वतःच्याच वर्तनाने आपले घर सांगतो. एवढा जीव धोक्यात घालून तो जन्मस्थानी परततो ते उगाच नव्हे. हे खरे आहे. पण तेवढाच जीव धोक्यात घालून तो इकडेही परततो, याचे काय करावयाचे? जन्म हे नाते आहे, यात वाद नाही. ते एकच नाते आहे, हे मात्र आपण गृहीत धरले आहे. आपल्या घरांतून हा प्रश्न परका नाही. नवीन ओळख झाली की दुसरा प्रश्न येतो, ‘मूळचे कुठले?’ आणि चार-पाच पिढ्या बेळगाव-निपाणीत काढलेला गृहस्थही कोकणातल्या वा देशावरच्या एखाद्या गावाचे नाव सांगतो. कुलदैवत तिकडे असते, वर्षा-दोन वर्षांनी तिकडे पाय लागतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या प्रश्नाला आणखी एक धार आणली. पण त्या गृहस्थाची विहीर, आंब्याचे झाड, मुलांची शाळा आणि पूर्वजांची स्मशानभूमी इथे आहे. त्याला पाहुणा म्हटलेले तो खपवून घेणार नाही, आणि ते रास्तच आहे.

बरे, ‘इथला’ म्हणविल्याने तरी काय पदरात पडते? माळढोक पूर्णपणे इथला. इथेच उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. २०१२ साली ते १,२२२ वर आणले गेले. कर्नाटकात राणेबेन्नूर येथे अभयारण्य झाले, पण तेथील मोकळ्या माळावर निलगिरी लावलेली होती, आणि झाडांच्या गर्दीत माळढोक राहत नाही. आज अवघ्या देशात हा पक्षी दीडशेच्या आसपास उरला आहे. तेव्हा इथला आणि पाहुणा, दोघांचेही दैव ठरविणारा शब्द तिसराच आहे. तो शब्द ‘पडीक’.

१९८५ साली देशात पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, २००० साली पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघाला. नांगर फिरत नाही आणि झाड उभे नाही, म्हणून ती जमीन वाया गेलेली, असा त्यामागचा हिशेब. हा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही; झाड लावणे हे पुण्यकर्म, हे आपण सर्वांनीच शाळेत घोकले. पण गवत हीसुद्धा एक पूर्ण वाढलेली वनस्पती-सृष्टी आहे, अर्धवट राहिलेले जंगल नव्हे. त्यावर चरणारी मेंढी, तिच्यामागे हंगामाप्रमाणे गाव बदलणारा मेंढपाळ आणि वर फिरणारा भोवत्या यांपैकी कोणाचेच नाव सातबाऱ्यावर वा उताऱ्यावर मालक म्हणून नसते. जमीन पडीक ठरते ती त्यांचे राहणे मोजले न गेल्यामुळे.

भोवत्या निघून जातो तो चैत्रात. वृक्षलागवडीसाठी माळावर चर आणि खड्डे खणले जातात ते पावसाळ्यापूर्वी, म्हणजे नेमके त्याच्या गैरहजेरीत. आश्विनात तो उतरेल तेव्हा रात्री बसावयास गवत असेल की रोपांच्या रांगा, याचा निर्णय तोवर झालेला असतो.