सामाईक भिंत

जुन्या खरेदीखतांत घराच्या चतुःसीमा लिहिताना ‘सामाईक भिंत’ असे शब्द येतात. दोन घरांमध्ये एकच भिंत, तिच्यावर हक्क दोघांचा, आणि रस्त्यावरून ती कुणालाच दिसत नाही. एप्रिलमध्ये लेकीकडे फिलाडेल्फियात होते, तेव्हा सलग तीन शनिवार-रविवार आम्ही दोघी पायी हिंडलो. खतातले हे शब्द मला तिथे सारखे आठवत राहिले. त्या शहरातली जुनी घरे विटांची, दोन-तीन मजली, एकमेकांना खेटून ओळीने उभी आहेत. मधलेच एखादे पाडले की शेजारच्या घराची सामाईक भिंत उघडी पडते. तिला खिडकी नसते, दार नसते. शहरातली किती तरी भित्तिचित्रे अशाच भिंतींवर आहेत. म्हणजे चित्र जिथे दिसते, त्याच्या पुढ्यात एके काळी कुणाचा तरी संसार होता.

हे लक्षात आल्यावर मला ती चित्रे नुसती सुंदर म्हणून पाहता येईनात.

तिथल्या बहुतेक भित्तिचित्रांमागच्या कामाची सुरुवात 1984 साली झाली. भिंती खरडणाऱ्या मुलांना आवरण्यासाठी नगरपालिकेने एक मोहीम काढली आणि त्या मुलांबरोबर काम करायला जेन गोल्डन या चित्रकर्तीला नेमले. मुलांच्या हातातला रंग काढून घेण्याऐवजी त्यांनी त्याच हातांना मोठ्या भिंती दिल्या. त्यातून ‘म्यूरल आर्ट्स’ ही संस्था उभी राहिली आणि आजवर चार हजारांच्या वर चित्रे झाली. करण्याची रीतही मला फार आवडली. मूळ चित्राचे चौकोन पाडून ते पातळ, न विणलेल्या कापडावर उतरवतात. ते तुकडे शाळांत, वस्तीतल्या सभागृहांत, तुरुंगांतसुद्धा रंगवले जातात आणि मग भिंतीवर चिकटवले जातात. एखाद्या चेहऱ्याचा गाल शाळेतल्या पोरीने रंगवलेला असतो, तर कपाळ जन्मठेपेच्या कैद्याने. ही भिंत पुन्हा सामाईक होते ती अशी.

पण सगळ्याच भिंती दाखवण्यासाठी नसतात. लेहाय अ‍ॅव्हेन्यू आणि एकविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर 1909 साली शाइब पार्क हे बेसबॉलचे मैदान सुरू झाले. पोलाद आणि काँक्रीटचे ते अमेरिकेतले पहिले. बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर नव्वद फूट ठरलेले, पण मैदानाची बाहेरची भिंत किती लांब आणि किती उंच हे तेव्हा बहुतांशी ज्याचे त्याने ठरवायचे. जुनी मैदाने वस्तीत कोंबून बसवलेली होती, त्यामुळे पलीकडचा रस्ता नेईल तिथे भिंत जाई. शाइब पार्कच्या उजव्या भिंतीपलीकडे विसावा रस्ता होता, आणि त्यावरच्या घरांच्या गच्च्यांवरून सामना फुकट दिसे. लोकांनी तिथे बाकडी मांडली, पैसेही घेऊ लागले. शेवटी 1935 साली मालकांनी पत्रे ठोकून ती भिंत उंच केली. लोक तिला ‘आकसाचे कुंपण’ म्हणत. 1970 नंतर तिथे खेळ झाला नाही, पुढे मैदान पाडले, आणि आज त्या जागी एक मोठे चर्च आहे.

खेळाभोवतीची त्याहून जुनी भिंत पत्र्याची नव्हती. ऑक्टेव्हियस कॅटो हा या शहरातला कृष्णवर्णीय शिक्षक. ट्रामगाड्यांत आपल्या लोकांना बसू द्यावे म्हणून लढलेला, आणि ‘पायथियन’ या बेसबॉल संघाचा कर्ता खेळाडू. 1867 साली या संघाने राज्याच्या संघटनेत प्रवेश मागितला. तो मिळणार नाही हे दिसताच अर्ज मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेची सभा याच शहरात भरली आणि तिने कृष्णवर्णीय प्रतिनिधी असलेल्या संघांना दार बंद केले. तरी 1869 साली पायथियन गोऱ्यांच्या ‘ऑलिंपिक’ संघाविरुद्ध खेळले. हरले, पण खेळले. 10 ऑक्टोबर 1871 हा निवडणुकीचा दिवस होता. कृष्णवर्णीयांना मताचा हक्क नुकताच मिळालेला. त्या दिवशी साउथ स्ट्रीटवर कॅटोला गोळी घालून मारले. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मारेकऱ्यावर खटला चालला आणि तो सुटला.

सिटी हॉलशेजारी कॅटोचा पुतळा आहे, मतपेटीकडे झेपावणारा. तो 2017 साली उभा राहिला. शहराच्या जागेवर एका कृष्णवर्णीय व्यक्तीचा तो पहिलाच पुतळा. मृत्यू आणि पुतळा यांत 146 वर्षे गेली. मी तिथे बराच वेळ उभी होते. कॅटो गेल्यावर दोनच वर्षांनी, 1873 साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. जोतीरावांनी जो प्रश्न सातासमुद्रापलीकडून ओळखला, तो या रस्त्यांवर माणसे मारीत होता. आणखी दहा वर्षांनी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला याच शहरात आल्या.

दुसऱ्या रविवारी नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटला गेलो. तिथे कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचे चित्र आहे, होम प्लेटकडे घसरत येणारे. डेव्हिड मॅकशेनने ते 1997 साली काढले. 1947 साली रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये आला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन याने ब्रुकलिनच्या मैदानावर त्याला गलिच्छ शिव्या दिल्या. पुढच्या महिन्यात रॉबिन्सनचा संघ या शहरात आला, तर हॉटेलने खोल्या नाकारल्या. फिलाडेल्फियाच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू आला तो 1957 साली, म्हणजे रॉबिन्सन निवृत्त झाल्यावर. नगरपरिषदेने त्या वागणुकीबद्दल 2016 साली माफी मागितली; तोवर रॉबिन्सनला जाऊन चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. शाइब पार्कची जागा त्या चित्रापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. चित्र माफीच्या एकोणीस वर्षे आधीचे. त्या भिंतीने सभागृहाची वाट पाहिली नाही.

एवढ्याने झाले का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. ज्या वस्तीत घरे पडली, तिथे शहराने घरे बांधायला हवी होती. रंग हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, आणि चित्राकडे बोट दाखवून कुणी तसे म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. पण चित्र नसते तर पडलेल्या घराबरोबर माणसांची नावेही गेली असती, हेही तितकेच खरे. मी पुण्यात वाढले. घरात, गल्लीत, शाळेत क्रिकेटशिवाय दुसरे बोलणे नव्हते. तरी पालवणकर बाळू हे नाव मला पंचविशी उलटल्यावर एका पुस्तकात भेटले. पुण्याच्या क्लबात या दलित गोलंदाजाला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर मिळत असे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले नाही. ते 1923 साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळाले. लहानपणी शाळेच्या वाटेवर मला बाळू एखाद्या भिंतीवर दिसला असता, तर आमची क्रिकेटची बडबड वेगळी झाली असती असे मला मनापासून वाटते.

तिसऱ्या शनिवारी फेअरमाउंट पार्कमध्ये चेरी फुलली होती. जपान सरकारने 1926 साली या शहराला सोळाशे झाडे दिली, तेव्हापासूनचा हा बहर. उद्यानाच्या कडेला, पार्कसाइड आणि बेलमाँटच्या कोपऱ्यावर, ‘फिलाडेल्फिया स्टार्स’चे स्मारक आणि भित्तिचित्र आहे. हा कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगांमधला संघ; 1934 साली तो अजिंक्य ठरला. त्यांचे मैदान रेल्वेयार्डाला लागून होते आणि इंजिनांचा धूर फार झाला की खेळ थांबे. या लीगना ‘मोठ्या’ लीगचा दर्जा मिळाला 2020 साली. पाकळ्या वाऱ्याने रस्ता ओलांडून येत होत्या. लेक चित्रातल्या खेळाडूंची नावे मोठ्याने वाचत होती आणि मी तिच्यामागून म्हणत होते.

परतताना लेकीने हट्टाने पुन्हा लेहाय अ‍ॅव्हेन्यूवरून नेले. एका रिकाम्या जागेपाशी शेजारच्या घराची भिंत उघडी पडली होती. तिच्यावर गेलेल्या घराचा जिना तिरक्या रेघांत उमटला होता. खालच्या खोलीचा निळा रंग, वरच्या खोलीचा फिकट गुलाबी, आणि चुलीच्या धुराड्याचा काळा पट्टा. गुलाबी चौकोनात एक खिळा अजून होता. त्या भिंतीवर कुणी काही रंगवलेले नव्हते.