सोबतीची कसोटी

सिंगापूरच्या ईशान्य किनाऱ्यावरील पुंगोल हे पूर्वी मासेमारांचे खेडे होते. आज तेथे उंच इमारती आहेत. १८७८ सालचे मागेन आबोथ सिनेगॉग तेथून दूर, शहरात वॉटर्लू स्ट्रीटवर आहे. अशा ठिकाणी वाढणारा आमचा एखादा तरुण 'आपण शेमा का म्हणतो?' असे विचारू लागला, तर वडीलधाऱ्यांनी काय करावे?

आम्ही बहुधा उत्तर देण्याची घाई करतो. दावीद राहाबीने ती केली नाही. परंपरा सांगते की, कोकणात त्याने आमच्या समाजातील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले व रांधावयास सांगितले. पर व खवले नसलेले मासे त्यांनी बाजूस काढले. आमच्याजवळ काय टिकून आहे ते त्याने आधी पाहिले, शिकविले मागाहून.

पण सोबत करूनही त्या तरुणाने वेगळी वाट धरली तर? दुःख होईल, ते लपवू नये. तथापि, परत येण्याची अट घालून दिलेली सोबत ही सोबत नव्हे, राखण होय. आम्ही आमचा शब्बाथचा दिवा लावावा, दार उघडे ठेवावे आणि त्याचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घ्यावा. एवढे आमच्या हाती आहे.