मालक की विश्वस्त?

वडील गावच्या विठ्ठलमंदिराचे खजिनदार होते. पेटीतली चिल्लर ते मोजून लाल फडक्यात बांधत आणि दुकानाच्या गल्ल्यापासून हातभर लांब ठेवत. एकदा मी त्यातले सुटे मागितले, तर म्हणाले, "ते आपले नाहीत रे, आपल्याकडे आहेत."

सॅन दिएगोत आल्यापासून मी पाद्रेस संघाचं बेसबॉल बघतो. संघाचे दिवंगत मालक पीटर सायडलर यांचा विषय निघाला की ते फडकं आठवतं. त्यांचे आजोबा वॉल्टर ओमॅली यांनी १९५७च्या हंगामानंतर डॉजर्स संघ ब्रुकलिनहून लॉस एंजेलिसला हलवला. कागदोपत्री संघ त्यांचाच. पण ब्रुकलिनच्या पोरांचं काय गेलं, ते कुठल्या वहीत लिहायचं? नातवाने वेगळी वाट धरली. बाजारपेठ लहान, तरी २०२३मध्ये पगारांवर सर्वाधिक खर्च करणाऱ्या पहिल्या तीन संघांत पाद्रेस होता. एकट्या झँडर बोगार्ट्सशी ११ वर्षांचा, २८ कोटी डॉलरचा करार! हाती आलं काय? ८२ विजय, ८० पराभव. बाद फेरीही हुकली. नोव्हेंबरात सायडलर गेले.

ही उधळपट्टी होती, असं मला वाटत नाही. मालकाने नफा जरूर कमवावा. पण जिंकायची आसच नसेल, तर तो चाहत्याला तिकीट कशाचं विकतो? मुद्दाम स्वस्तातला संघ उतरवून शिल्लक वाढवणं मला पेटीतल्या चिल्लरीला हात घालण्यासारखं वाटतं.

२०२४मध्ये पगार बराच कापूनही संघ ९३ सामने जिंकला. "मग आधीचे पैसे वाया गेले का, बाबा?" लेकीने विचारलं. मी तिला लाल फडक्याची गोष्ट सांगायला बसलो.