नुसतं पाणी



आमच्या अंगणात हरळीची हिरवळ आहे. ती लवकर दाट व्हावी म्हणून मी युरिया टाकला. हात जरा सैलच सुटला. चार दिवसांत, जिथे जिथे मूठ पडली, तिथे तिथे गवत करपलं. खत जास्त झालं की त्याचे क्षार मुळांतलंच पाणी ओढून घेतात. वाढलेल्या ताटापाशी मुळं तहानेली राहतात.

माळीकाकांना विचारलं, "आता काय घालू?"

ते हसले. "काही घालू नका. नुसतं पाणी द्या."

मग रोज पहाटे, सावकाश, नुसतं पाणी. जादा खत मुळांखाली झिरपून जाईपर्यंत.

श्रोतेहो, आपल्या मायेचाही हात असाच सैल सुटतो. मूल जरा मागे पडलं की आपण आणखी एक शिकवणी लावतो. आणखी एक सल्ला देतो. मूल गप्प होतं. तिथंही नुसतं पाणी हवं असतं. शेजारी बसणं. न विचारता, न टोकता. मला हे उशिराच कळलं.

आज पहाटे हिरवळीतल्या एका करपलेल्या चट्ट्याशी उकिडवा बसलो. वाळक्या काडीच्या पेरातून टाचणीएवढा कोंब वर आला होता. मी झारी हळूच कलती केली.